स्कॉलरशिप शोधण्याआधी कॉलेजची यादी बदला

पत्र:

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगी अकरावीत आहे. अनवेटेड जीपीए ४.०, एसएटी या प्रवेश परीक्षेत १५२०, तिच्या सराव परीक्षेचा, म्हणजे पीएसएटीचा, सिलेक्शन इंडेक्स २१९. शाळेच्या रोबोटिक्स टीमची कॅप्टन आहे आणि इंजिनिअरिंगच करायचं म्हणते. आम्हा दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ९० हजार डॉलर. तेव्हा ‘तुम्हाला काही एड, म्हणजे आर्थिक मदत, मिळणार नाही’ असं जो तो सांगतो. पण इथे घराचा हप्ता आहे, साताऱ्याला सासूबाईंच्या आजारपणाचा खर्च आहे, धाकटा सातवीत आहे. वर्षाला ३० हजारांच्या वर आमच्याने होणार नाही. तिला आवडलेली कॉलेजं ८५-९० हजारांची. रोज रात्री ती स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर फॉर्म भरते, निबंध लिहिते, अजून एक डॉलर आलेला नाही. हे म्हणतात, कर्ज काढू, पण पोरीला कमी पडू द्यायचं नाही. मला रात्री झोप लागत नाही. आणि एक, शिक्षणासाठीच्या ५२९ बचत खात्यात २८ हजार साठलेत, स्कॉलरशिप मिळाली तर ते वाया जातील का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ‘वर्षाला ३० हजार’ हा आकडा. बहुतेक घरांत तो आकडा कुणी उच्चारतच नाही. मूल अर्ज करतं, एप्रिलमध्ये ॲडमिशनचं पत्र येतं, घरात पेढे वाटले जातात आणि मग आई-बाप रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. तुम्ही तो आकडा आत्ताच ठरवलाय. पण पत्रावरून वाटतंय की तो मुलीला अजून सांगितलेला नाही. या आठवड्यात सांगा, नवऱ्यालाही शेजारी बसवून सांगा. ‘बघू काहीतरी’ असं मोघम नको. ‘चार वर्षांचे मिळून १ लाख २० हजार आम्ही देऊ, त्यातच बसवायचंय’ असं स्पष्ट. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे नीट कळतं. ॲडमिशन मिळाल्यावर नाही म्हटलं, तर मात्र ती जखम फार दिवस राहते.

आता रात्रीच्या निबंधांबद्दल. ते कमी करायला सांगा. अमेरिकेत मेरिटचा मोठा पैसा बाहेरच्या संस्थांकडे नाही, तो कॉलेजांकडेच आहे. कोका-कोला स्कॉलर्ससारख्या देशपातळीवरच्या स्पर्धेत २० हजार डॉलरच्या १५० स्कॉलरशिप असतात आणि अर्ज लाखभर येतात. शिवाय ते २० हजार एकदाच. याउलट एखादं बरं खाजगी कॉलेज दर वर्षी २५ हजार, असं चार वर्षं, वेगळा अर्जसुद्धा न मागता ॲडमिशनच्या पत्रातच लिहून पाठवतं. खाजगी कॉलेजांमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील ट्यूशनवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते. म्हणजे तो ९० हजारांचा आकडा बहुसंख्य कुटुंबं भरतच नाहीत. प्रश्न एवढाच, की कोणतं कॉलेज कुणाला सूट देतं.

दोन दारं आहेत. एक गरजेचं, म्हणजे नीड-बेस्ड. दुसरं गुणवत्तेचं. तुम्ही पहिलं दार बंद धरून चाललात, कारण लोकांनी सांगितलं. ते आधी स्वतः ठोठावून बघा. हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली आहे, एमआयटीनेही. बाकीची मालमत्ता सर्वसाधारण असायला हवी, ही अट आहेच. म्हणजे तुमच्या १ लाख ९० हजारांना अगदी वरच्या श्रीमंत कॉलेजांत कदाचित रटगर्सच्या, म्हणजे आपल्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाच्या, आसपास खर्च येईल. फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न, बँकेतली शिल्लक आणि घराची अंदाजे किंमत घेऊन बसा आणि मुलीच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा कॅल्क्युलेटर भरा. एकेकाला वीस मिनिटं लागतील. घराची किंमत काही कॉलेजं धरतात, काही धरत नाहीत, म्हणून एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. धाकटा कॉलेजात जाईल तेव्हा तुमच्या मुलीचं शिक्षण संपलेलं असेल, पण ज्यांची दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील त्यांनी हे लक्षात ठेवावं: २०२४-२५ पासून फाफ्साच्या, म्हणजे फेडरल मदतीच्या अर्जाच्या, हिशोबात दुसऱ्या भावंडाची सवलत राहिलेली नाही.

पण हार्वर्ड-एमआयटीची मदत मिळायला आधी प्रवेश मिळावा लागतो, आणि तिथे शंभरातल्या पाचांनाही तो मिळत नाही. त्यातल्या दोन-तीन ठिकाणी अर्ज करू दे, हौस राहू नये. पण यादीचा पाया तो नाही. आणि एक गोष्ट नवऱ्याला मुद्दाम दाखवा: आयव्ही लीगमधलं एकही कॉलेज मेरिट स्कॉलरशिप देत नाही. स्टॅनफर्ड, एमआयटीही देत नाहीत. तिथे येणारा प्रत्येकच जण पहिल्या नंबरचा असतो, त्यामुळे गुणांसाठी पैसे द्यायची त्यांना गरजच पडत नाही. तुमच्यासारख्या घरांचं खरं नुकसान होतं ते यांच्या खालच्या पायरीवर. तिथल्या बऱ्याच कॉलेजांची नावं मोठी असतात, एकूण खर्च ९० हजार असतो, पण इतक्या उत्पन्नाला नीड-बेस्ड मदत जेमतेम मिळते आणि मेरिट मूठभरांनाच. तुमच्या मुलीच्या आवडत्या यादीत अशी किती आहेत ते शोधा. मला वाटतं, निम्म्याहून जास्त निघतील.

ते शोधायचं कसं, ते सविस्तर सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. बरीच कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक दस्तऐवज प्रसिद्ध करतात. गूगलवर कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकले की पीडीएफ मिळते. त्यात एच विभाग आर्थिक मदतीचा. एच२ मध्ये पहिल्या ओळीत पहिल्या वर्षाची पूर्णवेळ मुलं किती, आणि पुढे ‘सी’ ओळीत त्यातल्या किती जणांना आर्थिक गरज आहे असं ठरलं, ते असतं. पहिल्यातून दुसरा आकडा वजा केला की ‘गरज नसलेली’ मुलं उरतात. लोक म्हणतात तसं तुम्हाला खरंच एड मिळणार नसेल, तर तुमची मुलगी या गटात. मग एच२ए मध्ये बघा. तिथे ‘एन’ ओळीत लिहिलेलं असतं की गरज नसलेल्यांपैकी किती जणांना कॉलेजने मेरिट दिलं, आणि ‘ओ’ ओळीत सरासरी रक्कम.

समजा एका कॉलेजात पहिल्या वर्षाला १,००० मुलं, गरज ४५० जणांना. उरले ५५०. ‘एन’ मध्ये ३३० आणि ‘ओ’ मध्ये २२ हजार असं असेल, तर गरज नसलेल्या दहातल्या सहा मुलांना सरासरी २२ हजार मिळतात. दुसऱ्या कॉलेजात १,७०० मुलं, गरज ७०० जणांना, उरले १,०००, आणि ‘एन’ मध्ये फक्त ४०. म्हणजे शंभरातले चार. पहिलं कॉलेज यादीत घ्यावं, दुसरं फक्त मनाच्या समाधानासाठी. ब्रोशरमधल्या ‘वी ऑफर जनरस मेरिट स्कॉलरशिप्स’ या वाक्यापेक्षा हे दोन आकडे जास्त खरं सांगतात.

त्याच दस्तऐवजात सी९ मध्ये प्रत्यक्ष दाखल झालेल्या मुलांचे एसएटीचे स्कोअर असतात: पंचविसावा आणि पंचाहत्तरावा पर्सेंटाइल. तुमच्या मुलीचे १५२० जिथे पंचाहत्तराव्याच्याही वर जातात, तिथे मेरिटची आशा धरायची. कॉलेज मेरिट देतं ते आपल्या वर्गाची सरासरी वर नेणाऱ्या मुलाला खेचून आणण्यासाठी. त्यामुळे तिला जिथे जेमतेम प्रवेश मिळेल तिथे पैसे मिळणार नाहीत, आणि जिथे ती त्यांच्या वरच्या दहा टक्क्यांत बसते तिथे कॉलेज स्वतःहून पुढे येईल. तिचे गुण तेच, पण इथे त्यांना भाव आहे आणि तिथे नाही. एसएटी ऐच्छिक असलेल्या कॉलेजांतही तिने स्कोअर पाठवावा.

आता नावं. सरकारी विद्यापीठांमध्ये अलाबामा आणि ॲरिझोना ही दोन परराज्यातल्या मुलांसाठी गुणांनुसार स्कॉलरशिपची कोष्टकंच वेबसाइटवर देतात. ओळ शोधायची, रक्कम वाचायची, निबंध नाही, मुलाखत नाही. तिथे इंजिनिअरिंग आहे, आणि अभ्यासक्रमाला दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, म्हणजे अॅबेटची मान्यता आहे की नाही हे अॅबेटच्या साइटवर दोन मिनिटांत कळतं. कोणत्याही कॉलेजबाबत ते बघाच. ‘अलाबामा’ ऐकून तुमच्या ओळखीतल्या चार जणांच्या भुवया वर जातील. जाऊ द्या. खाजगीत केस वेस्टर्न रिझर्व्हसारखी कॉलेजं इंजिनिअरिंगला उत्तम आहेत आणि मेरिटबाबत हात आखडत नाहीत. पिट्सबर्ग, पर्ड्यू, मेरीलँड, साउथ कॅरोलायनाचं ऑनर्स कॉलेज, ॲरिझोना स्टेटचं बॅरेट, या सगळ्यांचे आकडे वर सांगितलं तसे काढून बघा.

नंतर मोठ्या स्पर्धेच्या स्कॉलरशिप. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिलची मोरहेड-केन ही देशातली पहिली मेरिट स्कॉलरशिप, १९४५ पासूनची. नॉर्थ कॅरोलायना स्टेटची पार्क, व्हर्जिनियाची जेफरसन, यूटी डॅलसची मॅकडर्मट, बऱ्याच विद्यापीठांत असलेली स्टॅम्प्स. यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) आणि बॉस्टन युनिव्हर्सिटीची ट्रस्टी स्कॉलरशिप पूर्ण ट्यूशन देते. व्हॅंडरबिल्टची कॉर्नेलियस व्हॅंडरबिल्टही. यात गुणांपलीकडे माणूस बघतात. रोबोटिक्स टीमची कॅप्टन असणं चांगलंच, पण तिने त्या टीमसाठी नेमकं काय केलं, हे मुलाखतीत तिला सांगता यायला हवं. टीममध्ये मुली कमी होत्या म्हणून तिने मिडल स्कूलच्या मुलींना शनिवारी शिकवलं, असं काही असेल तर तेच पुढे आणायचं. यातल्या दोन किंवा तीनच निवडा, आणि त्यांच्यावर तिच्या रात्री खर्च होऊ देत. जेफरसनला सहसा शाळेने नाव सुचवावं लागतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच काउन्सेलरला भेटा. काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, आपण विचारल्याशिवाय त्यांच्या लक्षात येणार नाही.

तारखांबाबत आपल्या लोकांची फार फसगत होते. नेहमीच्या अर्जाची, म्हणजे रेग्युलर डिसिजनची, तारीख जानेवारीत असते, म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि मेरिटची तारीख १ नोव्हेंबरलाच निघून गेलेली असते. यूएससी, पर्ड्यू, मेरीलँड इथे मेरिटचा विचार व्हायला बहुतेक करून १ नोव्हेंबरच्या आत अर्ज लागतो. बॉस्टनच्या ट्रस्टीला १ डिसेंबर. मोरहेड-केन ऑक्टोबरमध्येच संपतं. कॉमन ॲप हा अनेक कॉलेजांना चालणारा सामाईक अर्ज १ ऑगस्टला उघडतो. तेव्हा निबंध ऑगस्टमध्ये, अर्ज ऑक्टोबरमध्ये, आणि फाफ्सा १ ऑक्टोबरनंतर लगेच. गरज नाही असं वाटलं तरी फाफ्सा भरा. काही कॉलेजं मेरिटसाठीही तो मागतात आणि मुलीच्या नावावरचं फेडरल कर्ज त्याशिवाय मिळत नाही.

अर्ली डिसिजनमध्ये मात्र तिने अर्ज करू नये. त्यात प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं वचन असतं, म्हणजे चार ऑफर समोर ठेवून तुलना करायची संधीच जाते. तुमच्या घराला तीच तर हवी आहे. अर्ली ॲक्शन वेगळं, त्यातही अर्ज लवकर जातो, पण ते बंधनकारक नाही, ते जरूर करा.

पीएसएटीचे २१९. त्यावर चालणाऱ्या नॅशनल मेरिट स्पर्धेच्या सेमीफायनलसाठी प्रत्येक राज्याचा कटऑफ वेगळा असतो आणि न्यू जर्सीचा देशातल्या सर्वांत वरच्यांपैकी एक असतो, म्हणून तिथे ती बहुधा हुकेल. एखाद्या छोट्या राज्यात हाच स्कोअर पुरला असता, हे ऐकून वाईट वाटेल, पण त्यावर अडून राहू नका. सप्टेंबरमध्ये निकाल आला आणि नशिबाने नाव आलं, तर यूटी डॅलस आणि अलाबामा ताबडतोब यादीत घाला, कारण फायनलिस्ट मुलांना तिथे फार मोठं पॅकेज मिळतं. नॅशनल मेरिटची स्वतःची स्कॉलरशिप २,५०० डॉलरची, एकदाच. खरा पैसा त्या नावावर कॉलेज देतं तो.

बाहेरच्या स्कॉलरशिप अजिबात करू नयेत असं नाही, पण त्या गावातल्या शोधा. तुमच्या दोघांच्या कंपन्यांच्या एचआरला विचारा, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी स्कॉलरशिप आहे का. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत असते आणि निम्म्या लोकांना ठाऊक नसते. क्रेडिट युनियन, रोटरी, टाउनशिप, शाळेच्या पीटीएची. हजार-दोन हजार डॉलरच्या असतात, पण अर्ज करणारे थोडेच. कॉलेजला आधी विचारा की बाहेरची स्कॉलरशिप आली तर तुमची रक्कम कमी करणार का. आणि जो कुणी अर्जासाठी फी मागेल, किंवा ‘तुमची निवड झालीय, फक्त प्रोसेसिंगचे पैसे भरा’ म्हणेल, त्याचा मेल डिलीट करा.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांच्या आई-वडिलांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकते. एच-४ वरच्या मुलाला फेडरल मदत मिळत नाही. पण कॉलेजचं स्वतःचं मेरिट पुष्कळ ठिकाणी मिळतं, आणि अनेक राज्यांत इन-स्टेट, म्हणजे त्या राज्यातल्या मुलांची कमी, फीसुद्धा. ॲडमिशन ऑफिसला लेखी विचारा, आणि मूल एकविशीला पोचून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलं तर स्कॉलरशिप आणि फीचं काय होईल, हेही त्याच मेलमध्ये विचारून ठेवा. मूल इथे जन्मलेलं असेल आणि आई-वडील एच-१बी वर असतील, तर मुलाचा फाफ्साचा हक्क शाबूत असतो.

ऑफर येतील तेव्हा घाईने आनंदू नका. पत्रात ‘एकूण मदत ४१ हजार’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि खाली बघावं तर त्यात ५,५०० डॉलरचं फेडरल कर्ज आणि वर्क-स्टडीही, म्हणजे मुलीने काम करून मिळवायचे पैसेही, धरलेले असतात. ते वगळा. उरलेली रक्कम ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं आणि विमानाची तिकिटं यांच्या बेरजेतून वजा करा. मग विचारा: ही रक्कम चार वर्षं, आठ सेमिस्टर मिळणार का? टिकवायला जीपीए किती लागतो? ३.० असेल तर ठीक. ३.५ असेल तर इंजिनिअरिंगच्या मुलीसाठी धोका आहे, कारण पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस आणि फिजिक्स भल्याभल्यांचा जीपीए खाली आणतं. एका सेमिस्टरला घसरली तर प्रोबेशन देतात की लगेच काढून घेतात? फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिपची रक्कम मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहते, म्हणून चौथ्या वर्षाचा हिशोबही आजच मांडा.

आणि रक्कम कमी पडली तर मागा. आपल्याला हे हात पसरल्यासारखं वाटतं. इथे ती रीत आहे. तोलामोलाच्या दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल, तर ते पत्र जोडून ॲडमिशन ऑफिसला नम्र मेल लिहायचा: तुमचं कॉलेज माझी पहिली पसंती आहे, अमुक ठिकाणची ऑफर अशी आहे, काही करता येईल का? मेल मुलीने लिहावा. नेहमीच वाढवून देतील असं नाही, पण विचारलं म्हणून दिलेलं कुणी काढून घेत नाही. १ मेच्या आत निर्णय कळवायचा असतो, म्हणून हा मेल मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जायला हवा.

तुमच्या यजमानांच्या कर्जाबद्दल. ९० हजारांच्या कॉलेजात तुमचे ३० वजा केले तर वर्षाला ६० हजारांची तूट, चार वर्षांत २ लाख ४० हजार. मुलीच्या नावावर फेडरल कर्ज चार वर्षांत २७ हजारांपर्यंतच मिळतं. पालकांच्या पेरेंट प्लस कर्जावर जुलै २०२६ पासून वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे ६५ हजारांची मर्यादा आहे. उरलेलं खाजगी कर्ज, तुमच्या सहीने. तेव्हा धाकटा कॉलेजच्या दारात असेल आणि तुम्ही दोघं पन्नाशीत. यजमानांचं प्रेम मला दिसतंय, आणि पोरीला कमी पडू नये ही त्यांची इच्छा शंभर टक्के योग्य आहे. पण तिला जिथे कॉलेज ऑनर्समध्ये घेतं, पहिल्याच वर्षी प्रोफेसरच्या लॅबमध्ये जागा देतं, तिथे तिला कमी पडत नाही. रटगर्सचंच बघा. राहण्याजेवणासकट तिथे ३० हजारांच्या वर जातं, थोडं मेरिट मिळालं की तुमच्या आकड्यात बसतं, आणि इंजिनिअरिंग चांगलं आहे. ते यादीत पहिलं लिहा, अर्ज १ नोव्हेंबरच्या आत पाठवा, आणि बाकी प्रत्येक कॉलेजला विचारा की रटगर्सपेक्षा तुम्ही काय जास्त देता, कितीला देता. गणपतीत कुणी ‘कुठे मिळालं?’ विचारलं आणि उत्तर ऐकून चेहरा पडला, तरी तिचं कर्ज तो माणूस फेडणार नाही.

राहिला ५२९ चा प्रश्न. ते पैसे वाया जात नाहीत. राहण्याजेवणाला ते चालतात, आणि स्कॉलरशिपच्या ज्या भागातून राहणं-जेवण भागतं तो करपात्र असतो, म्हणून स्कॉलरशिप ट्यूशनकडे आणि ५२९ खोलीभाड्याकडे लावणं सोयीचं पडतं. करमुक्त स्कॉलरशिप मिळाली तर तेवढी रक्कम ५२९ मधून काढता येते. त्यावर १० टक्के दंड बसत नाही, फक्त त्यातल्या नफ्यावर कर लागतो. आणि काहीच काढावं लागलं नाही, तर खात्यावर लाभार्थी म्हणून धाकट्याचं नाव घाला, एक फॉर्म भरायचा असतो.